जबड्याखालची कातडी लोंबायला लागलीय, लग्नाआधी काय करता येईल?

रेवतीची आई:
वय ५३, पाळी जाऊन चार वर्षं झाली. गेल्या दीड वर्षात ७९ वरून ६३ किलोवर आले, शुगर आटोक्यात आली, गुडघे दुखायचे थांबले, पण चेहऱ्याची पार रया गेली. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना गाल असे ओघळलेत की जबड्याची कडच दिसत नाही. साखरपुड्याचे फोटो बघून लेक म्हणाली, आई तू रागावली होतीस का, आणि मी तर त्या दिवशी इतकी खूष होते, तेच मनाला लागून राहिलंय. लग्न फेब्रुवारीत आहे, हातात सात महिने. नाशकात एका क्लिनिकमध्ये गेले तर पाच मिनिटांत थ्रेड लिफ्ट आणि फिलरचं पॅकेज काढून दिलं, दीड लाख, आजच बुक केलं तर वीस टक्के कमी. घाबरून परत आले. ऑपरेशनची भीती वाटते पण पैसे पाण्यात जायची त्याहून जास्त. फेस योगा सहा महिने केला, काही फरक नाही. दोरे, फिलर, हायफू यातलं नेमकं कशाने काय होतं? कुणी करून घेतलंय का?

चाफा:
ताई, बुक केलं नाहीत ते फार बरं केलंत. मी दोन वर्षांपूर्वी पुण्यात दोरे घातले होते, पीडीओचे, म्हणजे विरघळणाऱ्या टाक्यांसारखे, त्यांना बारीक काटे असतात ते कातडीला आतून धरून वर ओढतात. फक्त इंजेक्शनची भूल, तासाभरात घरी. पण नंतर दहा दिवस भाकरी चावता येईना, जांभई दिली की कानाजवळ टचकन दुखायचं आणि डाव्या गालाला एक खळगा पडला तो महिन्याने गेला. पहिले तीन महिने खरंच छान दिसत होतं, दहाव्या महिन्यात पुन्हा पहिल्यासारखं. दोरा काही महिन्यांतच विरघळतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. थोडंसंच ओघळलंय त्यांना चालत असेल, पण १६ किलो उतरून सैल झालेली कातडी दोरा किती दिवस पेलणार?

डर्मा_सांगलीकर:
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. न बघता निदान करता येत नाही पण घरी एक करून बघा, हातात आरसा धरून आधी बसून चेहरा बघा, मग उताणं झोपून तोच आरसा वर धरून बघा. झोपल्यावर जबडा नीट दिसायला लागला तर मुख्य प्रश्न कातडीचा आणि खाली घसरलेल्या चरबीचा आहे, आणि तो उचलूनच सुटतो, भरून नाही.

असं का ते सांगते. हनुवटीच्या थोडं मागे एक लिगामेंट कातडीला हाडाशी घट्ट बांधून ठेवतं. गालावरून घसरलेली चरबी तिथे येऊन अडते, त्याच्या मागे फुगवटा होतो आणि पुढे खळगा पडतो. फिलर म्हणजे कातडीखाली जागा भरायचं जेलसारखं इंजेक्शन, तो त्या खळग्यात आणि हनुवटीवर घातला तर कड सरळ भासते, उचललं काहीच जात नाही, आणि फुगवट्यावरच भरत बसलं तर चेहरा अजून जड होतो. घ्यायचाच तर हायल्युरोनिक ॲसिडचा घ्या, बिघडला तर हायल्युरोनिडेजने विरघळवता येतो, कॅल्शियमवाल्याला तसा उतारा नाही. चेहऱ्याची मोठी रक्तवाहिनी जबड्याची कड ओलांडूनच वर जाते, फिलर रक्तवाहिनीत गेला तर कातडी पांढरी किंवा जाळीसारखी निळसर पडते, बऱ्याचदा खूप दुखतं, तेव्हा उद्या बघू म्हणायचं नाही, लगेच डॉक्टरकडे परत जायचं.

बोटॉक्सने मानेचा प्लॅटिस्मा हा स्नायू ढिला करतात, जबड्याला खाली खेचणारा ताण कमी होतो, टिकतं तीन-चार महिने, पण लोंबणारी कातडी त्याने जात नाही. हायफूमध्ये अल्ट्रासाउंडची उष्णता साडेचार मिलिमीटरपर्यंत आत पोचवतात, परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, हलक्या सैलपणाला बरं. तुमचे गाल वजन उतरून आधीच बसलेत, तिथे चुकीच्या खोलीवर दिलं तर उरलीसुरली चरबी जाईल. डबल चिनची चरबी विरघळवणारी इंजेक्शनं जबड्याच्या कडेला नकोतच, खालचा ओठ हलवणारी नस तिथूनच जाते.

वऱ्हाडची लेक:
मी सरळ फेसलिफ्टच केली, ५८ व्या वर्षी, नागपुरात. नुसती कातडी ताणत नाहीत, तिच्याखालचा एसएमएएस नावाचा थर उचलून शिवतात. पूर्ण भूल, साडेचार तास. चीर कानाच्या पुढून, पाळीखालून, मागे केसांत. सर्जनने आधी महिनाभर बीपी वहीत लिहायला लावलं कारण ते चढलं की आत रक्त साचायची भीती, रक्त पातळ करणारी गोळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच थांबवली. मिश्री, तंबाखू, सिगरेट काहीही असेल तर आधी बंद, नाहीतर जखम नीट भरत नाही. पहिले पाच दिवस चेहरा भोपळ्यासारखा, काळेनिळे डाग मानेपर्यंत उतरले, तिसऱ्या आठवड्यात भाजी आणायला बाहेर पडले. कानाची पाळी चार महिने बधिर होती, कुडीची फिरकी बसली की नाही ते आरशात बघावं लागायचं. आज तीन वर्षं झाली, जबडा अजून नीट आहे. वजन मात्र आधी काही महिने स्थिर हवं. सर्जन प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी आहे का ते विचारा आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासा.

मोगरा६४:
खालच्या दाढा काढल्यात का? माझ्या आईच्या काढल्या होत्या, तिथलं हाड झिजत गेलं आणि त्या बाजूचा गाल आत बसला. आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या.

रेवतीची आई:
झोपून आरशात बघितलं आणि चाळिशीतला माझा चेहरा दिसला, बराच वेळ तशीच पडून राहिले. उजवीकडच्या दोन दाढा आठ वर्षांपूर्वी काढल्यात, हे डोक्यातच आलं नव्हतं. वजन जेमतेम तीन महिने स्थिर आहे, त्यामुळे ऑपरेशन लग्नानंतर, पण प्लास्टिक सर्जनला आत्ताच दाखवून ठेवते. हनुवटीजवळच्या खळग्यात थोडा फिलर लग्नापुरता चालेल का?

डर्मा_सांगलीकर:
चालेल, पण पुढे लिफ्ट करायचीय हे भरणाऱ्या डॉक्टरला आधी सांगा आणि थोडाच घाला. डिसेंबरच्या आत उरका, म्हणजे सूज, डाग उतरायला आणि काही दुरुस्त करायचं झालं तर त्यालाही वेळ मिळेल. लग्नाच्या आदल्या आठवड्यात चेहऱ्याला सुई लावू देऊ नका.