मदत हवी आहे: 1997 च्या झेनमध्ये एस्टीमचं 1.3 इंजिन घरच्या घरी बसवायचं आहे

नमस्कार मंडळी,

मी दर्यापूर तालुक्यातला शेतकरी. घरी 1997 ची कार्बोरेटरवाली मारुती झेन आहे, एमएच 27 पासिंग. बाबांनी 2001 मध्ये कापसाचा चुकारा हाती आला तेव्हा दुसऱ्या मालकाकडून घेतली. आमच्या घरातली पहिली चारचाकी. बाबा आता थकले, पण गाडी बंद पडून दोन महिने झाले तरी रोज सकाळी तिच्यावरची धूळ ओल्या फडक्यानं पुसून काढतात. म्हणून "विकून टाक, नवी घे" हा सल्ला कृपा करून देऊ नका, तो घरात सगळ्यांनी देऊन झाला आहे.

झालं असं. मे महिन्यात धारणीला लग्न होतं, बायकोच्या माहेरी. आम्ही मोठी पाच माणसं, मागे सामान. परतवाड्यापर्यंत गाडी ठीक होती. पुढे सेमाडोहच्या वाटेवर घाट चढताना काटा लालमध्ये गेला. दुपारची वेळ, आजूबाजूला जंगल, बरोबर म्हातारी माणसं. थांबायचं सोडून मी तशीच दोनेक किलोमीटर रेटली. ती चूक माझी. मग बोनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद. पिकअपला टोचन करून परत आणली.

आता स्थिती अशी: स्टार्टरवर इंजिन फिरतं, कधी धरतं, धरलं तर मागून पांढरा धूर. ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजलं, पहिल्या दोन सिलेंडरला 145 आणि 140 पीएसआय, तिसऱ्या-चौथ्याला 65 आणि 60. मिस्त्रींनी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडलं, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधोमध गॅसकेट जळालेलं होतं. हेड वाकलं आहे असं ते म्हणाले, पण त्यांनी डोळ्यानंच पाहिलं. त्यांचं म्हणणं, "या इंजिनाच्या मांगं कायले लागता भाऊ, एस्टीमचं 1.3 टाकून द्या. घाटात पाखरावानी जाईन."

हे बोलणं डोक्यात बसलं. अकोल्याला मागून ठोकलेली एक एस्टीम मिळते आहे, 2004 ची, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनवाली), 35,000 ला अख्खी. इंजिन चालू करून दाखवलं, आवाज स्वच्छ आहे. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, जी 10 आणि जी 13. माझ्या वाचनाप्रमाणे झेनचं 993 सीसी म्हणजे बोअर 72, स्ट्रोक 61. एस्टीमचं 1298 सीसी म्हणजे बोअर 74, स्ट्रोक 75.5. ताकद कार्बोरेटर झेनची साधारण 50 बीएचपी, या एस्टीमची 85. झेनचं वजन त्या मानानं कमी, तेव्हा घाटाचा प्रश्न कायमचा मिटेल असं वाटतं.

काम घरच्या गोठ्यातच करायचं आहे. जमीन सिमेंटची आहे. विहिरीतली मोटार काढायची तीन पायांची लोखंडी घोडी आणि एक टनाची चेन-पुली घरची आहे. पाने-गोट्या, टॉर्क रेंच आहे. ट्रॅक्टरचं क्लचकाम मी स्वतः दोनदा केलं आहे, पण कारचं इंजिन कधी काढलेलं नाही. वायरिंगमध्ये मी कच्चा आहे, हे आधीच सांगतो.

विचारायचं ते हे. इंजिन जुन्या माउंटिंगवर बसतं का, की वेल्डिंग करावं लागतं? गिअरबॉक्स झेनचाच ठेवला तर? एमपीएफआयचा सगळा पसारा आणायचा की 1.3 च्या डोक्यावर कार्बोरेटर बसवून मोकळं व्हायचं? आणि आमच्याकडे मे महिन्यात सावलीत 45 अंश असतं, एवढ्या उन्हात झेनचा रेडिएटर मोठ्या इंजिनाला पुरेल का? कागदांचंही सांगा. आरसी 2027 पर्यंत आहे, पुढचं नूतनीकरण तेव्हा.

प्रतिसाद – जुनी_झेन, नागपूर

दादा, हे काम मी स्वतः केलं आहे, 2009 मध्ये, माझ्या 1998 च्या झेनमध्ये. जमतं. पण जसं सांगतात तसं "उचललं आणि ठेवलं" नाही.

पहिलं, बोनेट. स्ट्रोक 14.5 मिलिमीटरनं मोठा आहे, ते वाढलेलं माप कुठेतरी उंचीत येणारच. एस्टीम विकत घेण्याआधी टेप लावून दोन्हीकडची उंची माउंटिंगपासून मोजा. गिअरबॉक्स झेनचा ठेवू नका. तो लहान इंजिनासाठी आहे, हायवेला इंजिन उगाच ओरडत राहील आणि क्लच प्लेटही जास्त जोराला टिकणार नाही. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स हा सेट एकाच गाडीचा घ्या. मग खरी डोकेदुखी एक्सलची. लांबी मोजा, दोन्ही टोकांचे दाते मोजा. मला एका बाजूला एक्सल अर्धा-अर्धा जोडून घ्यावा लागला, तो तीन महिन्यांत तुटला. असा जोडलेला एक्सल कधीही वापरू नका. ऐंशीच्या वेगात तुटला असता तर मी हे लिहायला नसतो.

वायरिंगबद्दल. 1.3 वर कार्बोरेटर बसवला तर 85 ची ताकद विसरा, ते डोकं इंजेक्शनसाठी बनलेलं आहे. एमपीएफआय ठेवायचं तर टाकीतला पंप, परतीची पेट्रोल लाइन, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सगळे सेन्सर आणि अख्खी वायरिंग एकही वायर न कापता काढा. मी कापली आणि जोडली, दोन पावसाळे गाडी मनाला येईल तेव्हा बंद पडायची. 2004 चं मॉडेल आहे तर चावी ओळखणारी यंत्रणा आहे का तेही बघा. असेल तर त्या गाडीची मूळ चावी आणि तिची पेटी दोन्ही हवीत, नाहीतर इंजिन धरणारच नाही.

रेडिएटर आणि पंखा एस्टीमचाच घ्या. ब्रेकही. 50 च्या गाडीला 85 ची ताकद दिली आणि ब्रेक जुनेच ठेवले, तर घाट चढाल जोरात, उतरणार कसे? परतवाड्याकडे उतरतानाची वळणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील नवीन टाका. आत बसल्यावर ते काढायला पुन्हा तेवढीच मेहनत आहे. आणि घोडीखाली, टांगलेल्या इंजिनाखाली हात-पाय घालायचे नाहीत. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर ठेवायची. पेट्रोल लाइन सोडण्याआधी बॅटरी काढायची आणि गोठ्यातला चारा बाहेर न्यायचा.

प्रतिसाद – कागदपत्र_बघा

तांत्रिक बाजू वर चांगली आली आहे, मी कायद्याचं सांगतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतली माहिती जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच कलमावर निकाल देताना हे स्पष्ट केलं. 2019 च्या दुरुस्तीत कलम 182 ए आलं, त्यात असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

झेनमध्ये त्याच जातीचं दुसरं 993 सीसी इंजिन बसवणं वेगळी गोष्ट आहे. त्याला आरटीओची आधी परवानगी घ्या, इंजिनाचं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद जपून ठेवा, आणि नवीन नंबर आरसीवर चढवून घ्या. 1298 सीसीचं तसं नाही. 2027 ला तपासणीत इंजिन नंबर पाहिला जाईल तेव्हा काय सांगाल? त्याआधी अपघात झाला आणि विमा कंपनीनं नंबर ताडून पाहिला तर भरपाईवर पाणी. स्वतःच्या गाडीचं नुकसान एकवेळ सोसता येईल, पण समोरच्याला लागलं तर शेत विकायची पाळी येते. मी असं एक घर पाहिलं आहे, म्हणून इतकं लिहितो.

प्रतिसाद – अकोटवाला

भाऊ, मी गॅरेजवाला नाही, पण चाळीस वर्षं गाड्या वापरल्या. एक सांग, रेडिएटरमंधी पानी कोनतं टाकत होता? तू खारपाणपट्ट्यातला ना?

आपल्या भागातलं बोअरचं पानी पिकाले चालत नाही, जनावर तोंड लावत नाही, आन् आपन तेच गाडीत टाकतो. ते इंजिन अख्खं अॅल्युमिनियमचं हाय. खाऱ्या पान्यानं आतून पोखरते, रेडिएटरच्या बारीक नळ्या क्षारानं बुजतात. वरून आपले मिस्त्री थर्मोस्टॅट, म्हंजे गरमीनुसार पानी सोडनारा वाल्व, काढून फेकतात, म्हनतात उन्हाळ्यात थंडं राहते. तुझ्या गाडीत थर्मोस्टॅट हाय का, पाह्य. माह्या गाडीचं असंच झालं होतं, मी मोठं इंजिन नाही टाकलं, पानी बदललं. कूलंट आन् डिस्टिल्ड वॉटर, दुसरं काही नाही. त्यानंतर चिखलदऱ्याले पन्नास वेळा गेलो असेन.

1.3 टाकशीन आन् पानी तेच ठेवशीन, तर तेही दोन उन्हाळ्यांत जाईन.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. अकोटवाले काका, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच गोठ्यात गेलो. थर्मोस्टॅटची जागा रिकामी आहे. रेडिएटरची खालची नळी काढली तर तपकिरी चिखल आणि पांढऱ्या खपल्या निघाल्या, मूठभर. हेडमधल्या पाण्याच्या वाटांना कडेनं खड्डे पडले आहेत. पाणी आमच्या बोअरचंच जायचं. माझ्याच हातानं, वर्षानुवर्षं. इंजिन लहान म्हणून घाटात मेलं असं मी सगळ्यांना सांगत होतो, ते खरं नव्हतं. याच इंजिनानं 2008 मध्ये आम्हा सहा जणांना धारणीला नेलं होतं, काटा अर्ध्यावरही गेला नव्हता.

एस्टीमवाल्याला नाही म्हणून सांगितलं. एवढ्या कामानंतर कागदाची धास्ती घेऊन ती गाडी मला बाबांना बसवून चालवता आली नसती.

काल गुणिया आणि फीलर गेज घेऊन हेड मोजलं. पट्टी आडवी, उभी, तिरपी लावली. सुझुकीची मर्यादा 0.05 मिलिमीटर आहे, माझ्याकडे तिरप्यात 0.15 ची पाती आत जाते. ब्लॉकच्या वरच्या तोंडाला मात्र 0.05 चीही जात नाही, म्हणजे खालचं इंजिन बहुतेक वाचलं. आता खड्डे पडलेलं हेड वेल्डिंग करून फेस मारून, म्हणजे तोंड सपाट करून, घ्यायचं, की दुसरं 993 सीसीचं हेड शोधायचं, एवढाच प्रश्न उरला आहे.

अमरावती, परतवाडा किंवा अकोल्याकडे अॅल्युमिनियम हेडचं आर्गन वेल्डिंग करून त्यावर नीट फेस मारणारा लेथवाला कोणाला अनुभवानं ठाऊक असेल तर सांगा. काम अंदाजानं नाही, मोजून करणारा हवा. कार्बोरेटर झेनचं चांगलं हेड कोणाकडे पडून असेल तरी कळवा, मी स्वतः येऊन मोजून घेऊन जाईन. कूलंट आणि नवीन थर्मोस्टॅट आणून ठेवलं आहे.