'गेट' म्हणजे मिळणे? मग भिजणे कुठनं आलं?

गंगावेशकर: पोरगी सहावीत. काल रंकाळ्यावर पावसात गावलो. घरी येऊन तिला 'आय गॉट वेट'चं मराठी विचारलं, तर म्हणाली, "मला ओलं मिळालं." वहीत 'गेट = मिळणे' दहादा लिहून घेतलंय, ती तरी काय करणार! माझं म्हणणं, हे क्रियापद सुटं शिकवूच नये. शेजारी कोण बसलंय ते बघायचं. पत्र असलं तर मिळणे, 'अँग्री' असलं तर होणे, 'टू कराड' असलं तर पोचणे.

मास्तरांचा_मुलगा: साफ अमान्य. शब्द नॉर्स भाषेतनं इंग्रजीत आला, तिथंही अर्थ 'मिळवणे' असाच. मुळाला धरून बघितलं तर पोरीचं काही चुकलेलं नाही. आमचे वडील 'गॉट' दिसला की तांबड्या शाईनं खोडून 'रिसीव्ह्ड', 'बिकेम' लिहायला लावायचे. शब्दसाठा तसाच वाढला.

गंगावेशकर: मग सर्दी झाल्यावर 'आय रिसीव्ह्ड अ कोल्ड' म्हणायचं? पोस्टानं आल्यागत वाटतंय. आणि यादीच करायची तर ऑक्सफर्डच्या १९८९ च्या कोशात 'सेट' या एका क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत. वही पुरंल का?

तिकटी_कट्टा: लांब कशाला जाताय? सीबीएस स्टँडवर वैभववाडीची गाडी 'लागली' म्हणजे फलाटाला आली. तीच करूळ घाटात 'लागली' की पिशवी शोधायची. भूक लागती, ठेच लागती, डोळा लागतो, नोकरी लागती. 'लागणे'ची यादी कुणी पाठ केलती?

मास्तरांचा_मुलगा: भावा, 'लागणे' तू आईच्या मांडीवर शिकलास. या पोरीच्या कानावर इंग्रजी दिवसातनं एक तास. तेवढ्यात वळण कुठनं पडणार? आधी एक अर्थ पक्का होऊ दे, बाकीचे मागनं येतील.

राजारामपुरी_नववी_गल्ली: मागनं येत नाहीत हो, माझे आलेच नाहीत. आपण बिनधास्त 'केस कापले' म्हणतो, कात्री पार्लरवालीच्या हातात असली तरी. मुलाखतीआधी गप्पांत मी 'आय कट माय हेअर' म्हणून गेले. समोरच्या बाईंनी विचारलं, "घरीच?" 'गॉट माय हेअर कट' म्हणजे कापून घेतले, हे त्या दिवशी कळलं. 'मिळणे' पाठ करून तिथवर कसं पोचणार?

मास्तरांचा_मुलगा: हे मान्य. करवून घेण्याचा वापर वेगळाच शिकवावा लागेल. पण सहावीत नको.

गंगावेशकर: पोरीला आत्ताच विचारलं, 'गेट आउट' म्हणजे काय. लगेच म्हणाली, "वर्गाबाहेर उभं राहायचं." वहीत कुठंच नाही हे.