बारावी समाजशास्त्र: 'संकल्पना स्पष्ट करा'ला किती लिहायचं?

प्रश्न: प्रिलिमला 'संस्कृतीकरण'वर दीड पान खरडलं तरी २ पैकी १च, सर म्हणतात उदाहरण कुठंय?? नेमकं काय लिहू?

उत्तर: अगं पानं कोण मोजतंय, आधी एका ओळीत व्याख्या, ही संकल्पना मांडणारे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांचं नाव, मग त्यांचं कूर्गचं उदाहरण म्हणजे खालच्या मानलेल्या जाती वरच्यांचं बघून मांसाहार, दारू सोडतात, त्यांचे विधी उचलतात. चार-पाच ओळी, बास.

उत्तर: पाश्चात्यीकरणाशी (म्हणजे ब्रिटिश राजवटीमुळे आलेले बदल) घोळ नको, मी केलाय 😅

उत्तर: संस्कृतीकरणात जात वर सरकते पण जातिव्यवस्था तशीच राहते, हे श्रीनिवासच सांगतात, ती ओळ टाकच.

प्रश्नकर्ती: हे माझ्या दीड पानात कुठेच नव्हतं, थँक्स