कंपनीचा टेक ब्लॉग: 'सात उपाय' वाचून झोप उडाली, म्हणून हा धागा

उद्यमबाग_नाईटशिफ्ट

परवा इथं आपल्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या एका भाऊंनी 'कंपनीचा टेक ब्लॉग जोमात चालवण्याचे सात उपाय' टाकले. ज्यांनी वाचले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: आठवड्याला एक पोस्ट, आठशे शब्द, भाषा इंग्रजीच, शीर्षकात 'स्मार्ट' हवं, वर साहेबांचा फोटो, मजकूर एआयकडून लिहून घ्या, आणि सातवा म्हणजे निगेटिव्ह काही नको. खाली अंगठ्यांचा पाऊस.

आमच्याही कंपनीत ब्लॉग आहे. शेवटची पोस्ट खंडेनवमीची. मशीनला हार, दोन्ही बाजूला ऊस, मध्ये साहेब.

आता गेल्या पावसाळ्यातली गोष्ट ऐका. व्हीएमसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनच्या, स्क्रीनवर बॅटरीचा अलार्म लुकलुकत होता. मेंटेनन्सला नवा पोरगा, आयटीआय करून आलेला, शिस्तीचा. त्याला शिकवलेलं: आधी मेन बंद, मग हात. त्यानं मेन बंद केला, जुने सेल काढले, कपाटाची किल्ली कुणाकडं हे विचारत फिरला, नवे आणले, घातले. चालू केलं तर तिन्ही अ‍ॅक्सिसचा झीरो गायब. मशीनला आपलं घर कुठं तेच आठवेना. त्या बॅटरीवर एन्कोडरची, म्हणजे मशीन कुठं उभं आहे ते मोजणाऱ्या सेन्सरची, पोझिशन जिवंत राहते, म्हणून ती बदलायची कंट्रोल चालू ठेवूनच, इमर्जन्सी दाबून, हात सांभाळून. पोराला हे कुणी सांगितलंच नव्हतं. दोन पाळ्या गेल्या, पार्ट धरायचं फिक्स्चर परत डायल लावून जुळवलं.

आणि हे लिहिलेलं होतं बरं का! आधीच्या फिटरनं पॅनेलच्या दाराच्या आतून काळ्या मार्करनं लिहून ठेवलेलं: 'बॅटरी - कंट्रोल चालू - बंद करू नये.' कस्टमर ऑडिट आलं तसं कुणीतरी दार आतून-बाहेरून आयव्हरी रंगवून टाकलं. त्या रंगवलेल्या पॅनेलचा फोटो आमच्या ब्लॉगवर आहे. शीर्षक 'आमचं स्मार्ट शॉप'.

तेव्हा भाऊ, माझा उपाय एकच. ज्याचा हात काळा झालाय त्याला लिहू द्या. शीर्षकात अलार्म स्क्रीनवर दिसतो तस्साच टाका, कारण रात्री दोन वाजता माणूस तेच शब्द शोधतो. त्यासाठी पाळीतला अर्धा तास द्या, घरी जाऊन कुणी लिहीत नसतं. मजकूर मंजुरीला चार टेबलांवर फिरवू नका. आठशे शब्द? ऐंशी पुरतात.

ब्रँडवाला_टिळकवाडी

तो 'भाऊ' मीच. रात्रपाळीचा राग माझ्यावर काढलात, हरकत नाही. पण तुम्ही जे सांगताय ते मेंटेनन्सचं लॉगबुक झालं, ब्लॉग नव्हे. ब्लॉग पुण्याचा परचेसवाला बघतो, जर्मनीचा कस्टमर बघतो. त्याला काय दाखवू, आमच्या पोरानं झीरो घालवला? पुढची ऑर्डर कोइंबतूरला जाईल. आणि मजकूर एआयकडून घ्या म्हणालो ते हौसेनं नव्हे. लिहा म्हणून सहा महिने मागं लागलो, एकानं दोन ओळी दिल्या. त्यातली एक 'सर्वांना शुभेच्छा'.

क्वालिटीवाली_शहापूर

चुका दाखवल्या की ऑर्डर जाते, हे दरवेळी कुठून आणता? गिटलॅब आठवा, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७, थकलेल्या इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड मारली, तीनेकशे जीबीतले साडेचार उरले. बॅकअपच्या पाच पद्धती, एकही धड चालेना. एका बॅकअपच्या चुकीचे मेल जात होते, पण ते वाटेतच नाकारले जात होते, म्हणून कुणाला पत्ता नाही. शेवटी सहा तास जुना स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची तेव्हाची नक्कल, सापडला, त्यावर निभावलं. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून जगापुढं ठेवलं, दुरुस्ती चालू असतानाच. कंपनी बुडाली नाही. त्या पोस्टनंतर किती जणांनी आपापले बॅकअप उघडून बघितले असतील!

पण नाईटशिफ्ट, तुमचंही सगळं पटलं नाही. 'कुणीही लिहा, मंजुरी नको' म्हणे. आमच्याकडं एका हुशारानं कूलंटवर झकास पोस्ट लिहिली, रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंट किती दाट ते मोजायचं यंत्र) अमुक रीडिंग ठेवा. पुढं कूलंटचा ब्रँड बदलला. प्रत्येक कूलंटचा फॅक्टर वेगळा, रीडिंगला त्यानं गुणायचं असतं. पोस्ट तशीच राहिली, पोरं जुनाच आकडा धरून बसली. कूलंट पातळ, पार्ट गंजले, वर वास असा की डबा खायला बाहेर जावं लागायचं. न लिहिलेलं परवडलं, शिळं लिहिलेलं नको. प्रत्येक पोस्टवर तारीख, मशीन, मटेरियल आणि 'शेवटचं कुणी तपासलं' हे हवंच. सहा महिन्यांत कुणी हात लावला नाही तर वर लाल पट्टी.

निपाणीकर_७२

कशाला ओ एवढा कुटाणा. व्हॉट्सअ‍ॅपला ग्रुप हाय की. फोटो टाकायचा, दोन मिनिटात उत्तर येतंय.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट

येतंय की. आणि वर सरकून जातंय. गेल्या वर्षी त्याच अलार्मचं उत्तर कुणी दिलं होतं ते शोधा बघू आता. फुलांचे गुड मॉर्निंग आणि कुणाच्या तरी वास्तुशांतीच्या पत्रिकेखाली गाडलं गेलंय. ज्यानं दिलं तो चाकणला गेला, ग्रुपमधून बाहेर. नव्या पोराला ग्रुपमध्ये घेतलं तरी गेल्या वर्षीचं त्याला दिसत नाही.

क्वालिटीवाली ताई, लाल पट्टी मान्य. फक्त ती लावायला चौथी सही लागू देऊ नका म्हणजे झालं.

दुसरं_रेल्वे_गेट

मूळ मुद्द्यालाच कुणी हात घालेना. 'भाषा इंग्रजीच' हे कुणी ठरवलं? परिपत्रकं मराठीत द्या म्हणून आपण कचेरीपुढं घसा बसेपर्यंत ओरडतो, आणि स्वतःच्या कंपनीत मराठीत चार ओळी लिहायच्या तर लाज. माझे वडील फाउंड्रीत होते. वाळूत ओल जास्त झाली की कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे आत पोकळ भोकं, कसे येतात ते घरी चहाच्या बशीत वाळू घेऊन दाखवायचे. मुठीत दाबायची, मग मोडायची, कडा कशी तुटते बघायची. त्यांना इंग्रजीत लिहा म्हटलं असतं तर एक अक्षर मिळालं नसतं. मराठीतही कुणी मागितलं नाही ही गोष्ट वेगळी.

ब्रँडवाला_टिळकवाडी

आलं, बेळगावचा प्रत्येक धागा शेवटी इथंच येतो. बरं, मराठीत लिहिलं. लाईनवर निम्मी पोरं गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीची, कन्नड बोलणारी. त्यांनी काय करायचं? उद्या कुणी 'फक्त मराठी का' म्हणून गेटवर उभा राहिला तर तुम्ही येणार का सोडवायला?

दुसरं_रेल्वे_गेट

म्हणजे भीती वाटते म्हणा, ब्रँडिंग कशाला म्हणता.

ब्रँडवाला_टिळकवाडी

भीती नव्हे, पगार वाटतो महिन्याला. तुम्ही पुण्यात बसून अस्मिता पाजळणं सोपं आहे. तुमचं प्रोफाईल बघितलंय मी, 'हिंजवडी' लिहिलंय.

दुसरं_रेल्वे_गेट

पोटासाठी गेलोय. घर अजून गेटजवळच आहे, आई तिथंच आहे. इथं काम असतं तर कोण जातंय. आणि तुमच्या कंपनीत दोनदा अर्ज केला होता, उत्तरसुद्धा आलं नाही. तेवढं एक मराठीत पाठवायचं होतं.

अथणी_ऊस

मी कन्नड माणूस. मराठी शाळेत शिकलेलं नाही, लाईनवर शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या नावानं तुम्ही दोघं भांडालाय म्हणून लिहालोय. मला इंग्रजी पोस्ट पण कळत नव्हती, हे कुणी विचारलं नाही. आमच्या सुपरवायझरनं कॉम्प्रेसरच्या ड्रेनवर कागद चिकटवलाय. वर मराठी, खाली कन्नड, मध्ये वॉल्व्हचं चित्र आणि बाण. खाली लिहिलंय 'पॉवर ऑफ माडब्याड्री', म्हणजे पॉवर बंद करू नका. मराठी पोरं पण तेच म्हणतात आता, चेष्टेत. काम होतंय. भाषेचं भांडण ऑफिसमध्ये असतंय, मशीनजवळ कमी.

निपाणीकर_७२

लाख बोललास अण्णा.

क्वालिटीवाली_शहापूर

अण्णांचं ऐकून बरं वाटलं, पण 'मराठीत लिहा' म्हणणाऱ्यांनी एक उत्तर द्या. आमच्याकडं मराठीत लिहिलेलं आहे, पंधरा वर्षांचं! सगळं जुन्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे नुसतं इंग्रजी अक्षराला चढवलेलं सोंग. फॉन्ट नसलेल्या पीसीवर उघडा, कंस आणि टिंबं दिसतात. 'बॅटरी' शोधा, शून्य निकाल. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे आणि आमचा डीटीपीवाला अजून जुन्या फॉन्टमध्ये फाईल पाठवतो, वर म्हणतो 'मॅडम, यात जोडाक्षरं सुंदर येतात.' मी आणि एक ट्रेनी, दोघींनी मिळून दोन महिने दुपारच्या चहानंतर एकेक पान कन्व्हर्ट केलं. रफार सगळे पुढच्या अक्षरावर जाऊन बसलेले. 'सर्व्हिस'चं काय झालं होतं ते इथं लिहीत नाही.

दुसरं_रेल्वे_गेट

ताई, फॉन्टचा दोष भाषेवर का?

क्वालिटीवाली_शहापूर

भाषेवर कुठं? तुमच्यासारख्यांवर. घोषणा युनिकोडमध्ये देता, कन्व्हर्ट करायला कुणी येत नाही.

दुसरं_रेल्वे_गेट

फाईली पाठवा. शनिवार-रविवार बसतो. खरंच म्हणतोय.

ब्रँडवाला_टिळकवाडी

चला, धाग्यातून एक फुकटचा मजूर तरी मिळाला.

माझं शेवटचं सांगतो, मग मी निघालो. कस्टमरसाठी वेगळं आणि आतल्यांसाठी वेगळं, हे मान्य करायला मला तीन दिवस आणि तुमच्या शिव्या लागल्या. बाहेरचा ब्लॉग इंग्रजीत राहील, साहेबांचा फोटो राहील, तो काढायची माझी ताकद नाही. आतलं तुम्ही चालवा, मराठीत, कन्नडमध्ये, हवं तर खाणाखुणांत. कस्टमरचं नाव आणि ड्रॉइंगचा फोटो त्यात आला तर मात्र मी ओळखत नाही. पाळीतला अर्धा तास मागायला मीच जाईन वर. मिळेल असं म्हणत नाही.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट

भाऊ, तुमच्या तोंडून 'मान्य' ऐकून मशीनपुढं परत नारळ फोडावासा वाटतोय. अर्ध्या तासाचं उत्तर आलं की मग फोडतो.

तोवर पहिली पोस्ट इथंच टाकतो, बघा कशी वाटते:

'बॅटरी अलार्म आला तर. कंट्रोल चालूच ठेवा. इमर्जन्सी दाबा. नवे सेल हातात घेऊन मगच जुने काढा. प्लस-मायनस बघा. कव्हर लावा, अलार्म गेला का बघा. पॅरामीटरचा बॅकअप कधी घेतला ते खाली लिहा.'

क्वालिटीवाली_शहापूर

तारीख नाही. मशीन नंबर नाही. आणि बॅटऱ्या दोन असतात, एक एन्कोडरची, एक कंट्रोलच्या मेमरीची. कुठली ते लिहिलंच नाहीत.

अथणी_ऊस

चालू कंट्रोलमध्ये हात घालायचाय, पॅनेलच्या आत करंट असतोय. ते आधी लिहा, सगळ्यात वर. दोन्ही भाषेत. कन्नड मी देतो.

निपाणीकर_७२

आणि शीर्षक इंग्रजीत टाका, स्क्रीनवर दिसतंय तसं. वर तुम्हीच म्हणालता.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट

म्हणालतो. बदलतो. सायरन झाला, जेवून येतो.