आबांच्या १९६१ च्या टाटा-मर्सिडीजचं इंजिन अडकतंय, घरीच उघडू का?

गुळाचीगाडी:
नमस्कार मंडळी. आमच्या आबांचा ट्रक, १९६१ चा टाटा-मर्सिडीज, पुढं लांब नाक असलेला, जाळीवरचा तारा अजून शाबूत, गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये २००३ पासून उभा आहे. गुऱ्हाळावरून कोल्हापूरच्या यार्डात गूळ न्यायचा, तेव्हा सगळे याला नुसतं मर्सडी म्हणायचे. इंजिन ओएम ३१२, सहा सिलिंडर, ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकाशी जुळतो. मी शिकलेला मेकॅनिक नाही, पण दोन ट्रॅक्टरची हाफ इंजिनं (अर्धं उघडून दुरुस्ती) घरी केलीत, पाने आहेत, टॉर्क पाना आहे, वेळ पण आहे.

आता प्रॉब्लेम सांगतो. आधी इंजिन पूर्ण जाम होतं. सहाही नोझल काढून भोकांतून डिझेल आणि गिअर ऑइल मिक्स ओतलं, बारा दिवस तसंच ठेवलं, रोज थोडं थोडं टाकत होतो. तेराव्या दिवशी पुलीच्या नटला पाना लावून पाच फुटी पाइप घातला आणि हललं की राव, मी एकटाच शेडमध्ये ओरडलो. पण पुढं काय होतंय तर जवळपास एक फेरी जाते आणि टक करून थांबते. उलटं फिरवलं की परत जवळपास फेरीभर जाते आणि तिथंच टक. जोर लावला तरी पुढं नाही. आमच्या इथला मेकॅनिक म्हणतो क्रँक गेलाय, ह्यात पैसे घालू नको, भंगारातून टाटाचं ६९७ इंजिन आणून बसव. खरंच क्रँक असेल का? आणि घरी उघडायचं तर सुरुवात कुठून करू?

घाटउतार:
भावा मेकॅनिक बरोबर बोलतोय. ६९७ म्हणजे ९७ मिमीचा बोअर (सिलिंडरचा व्यास), १२८ चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल), साडेपाच लिटरच्या वर, पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावाला मिळतात. ३१२ चं गॅस्केट शोधता शोधता तुझं लग्नाचं वय निघून जाईल. इंजिन बसायचं फाउंडेशन थोडं बदलावं लागेल, बाकी ड्रायव्हरला काय फरक पडतो.

गुळाचीगाडी:
लग्न झालंय ओ 😄 पण इंजिन बदललं तर मग ती आबांची गाडी राहते का, हाच प्रश्न आहे. गूळ परत न्यायचा नाहीये.

बोअरगेज:
पाना ओढू नकोस. आधी तो पाच फुटी पाइप शेडच्या बाहेर ठेव, मग पुढचं वाच.

उद्यमनगरात तीस वर्षं मशीन शॉपवर काढलीत म्हणून सांगतो. जाम दोन तऱ्हेचा असतो. गंजाने धरलेलं इंजिन चिकट लागतं, चिखलात पाय रुतल्यासारखं, थोडं सुटतं थोडं धरतं. तुझं टक करून थांबतंय आणि दोन्ही बाजूंनी फेरीच्या टोकाला थांबतंय, म्हणजे लोखंडाला लोखंड लागतंय. माझा अंदाज, व्हॉल्व्ह अडकलाय. असं होतं बघ, सहा सिलिंडरचं इंजिन कुठंही बंद केलं तरी कुठले ना कुठले व्हॉल्व्ह उघडे राहतातच, तिथून पावसाळ्याची दमट हवा आत जाते, गाइडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत, गंज बसतो. तू फिरवलंस तेव्हा कॅमने व्हॉल्व्ह खाली दाबला पण गाइड सोडेना, स्प्रिंगला त्याला वर ओढता आलं नाही. मग पिस्टन वर आला की त्याच्या डोक्यावर टक. उलटं फिरवलं की तोच पिस्टन दुसऱ्या बाजूने वर येतो, परत टक. क्रँक गेला असता तर असं ठरलेल्या जागी दोन्हीकडून थांबलं नसतं.

टॅपेट कव्हर काढ, चार बोल्टचं काम आहे. बारा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा एका रांगेत बघ, एखादी दबलेली राहिली असेल आणि तिथला रॉकर ढिला वाजत असेल. पुशरॉड काढून काचेवर लोळवून बघ, वाकलाय का कळतं.

६९७ चं म्हणशील तर बसवणारे बसवतात, माझा विरोध नाही, पण जाळीवर तारा आहे म्हणजे डेमलर-बेंझबरोबरच्या करारातली गाडी. १९५४ ते १९६९, पंधराच वर्षं, नंतर तारा गेला आणि टी आला. ताऱ्याच्या गाडीत नंबर जुळणारा ब्लॉक असताना तो भंगारात घालणं मला तरी जमणार नाही. शिवाय इंजिन बदललं की आरटीओत आरसीवर नोंद करत बसा.

गुळाचीगाडी:
काका तुमच्या पाया पडतो. ४ नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. स्प्रिंग दबलेली, रॉकर लोंबकळतोय, पुशरॉड काचेवर लोळवला तर पापडासारखा उड्या मारतोय. आता वरून ठोकून, तेल टाकून सोडवू का हेड उघडू?

बोअरगेज:
हेड उघड. पाच फुटी पाइपने पिस्टन त्याच्यावर आपटवलास, तो सरळ राहिला असेल असं मला वाटत नाही. नट एकदम सोडू नको, टोकाकडून मधे येत, पाव पाव फेरी करत, दोन-तीन राउंडमध्ये. आणि जुनं गॅस्केट अॅस्बेस्टॉसचं असणार, ते ग्राइंडरला वायर ब्रश लावून उडवायचं नाही, पाणी नाहीतर डिझेल मारून ओलं करून पात्याने काढायचं, धूळ छातीत जाते ती परत येत नाही. ते हेड एकट्याने उचलायचा पण शहाणपणा नको. पुढं ब्लॉक काढायची वेळ आली तर अर्धा टन धरून चाल, शेडच्या पत्र्याच्या कैचीला चेन ब्लॉक टांगू नको, लोखंडी घोडी करून घे.

गुळाचीगाडी:
हेड उतरलं, मी आणि चुलतभाऊ आणि वरून आईच्या शिव्या. व्हॉल्व्ह वाकलाय, पिस्टनच्या डोक्यावर नखाएवढी चंद्रकोर उमटलीय, तडा नाही, बोटाने जेमतेम लागते. पण वाईट बातमी. मित्राचं बोअर गेज आणून मापं घेतली, वर मधे खाली, आडवं उभं. सगळ्यात जास्त १ नंबरला वरच्या बाजूला ९०.६२. पुस्तकात बोअर ९० आहे, म्हणजे सहा दशांश मिमी झीज, म्हणजे संपलंच ना? मशीन शॉपला फोन केला तर म्हणाले बोअर करून स्लीव्ह घालू, नाहीतर टाटाच्या ६९२ इंजिनाचे पिस्टन बसवू ९२ चे, तयार मिळतात.

बोअरगेज:
थांब थांब. पिस्टनचं डोकं पेट्रोलने पुसून घे. काही आकडा ठोकलाय का?

गुळाचीगाडी:
कार्बनच्या खाली होता. ५०. सहाही पिस्टनवर.

बोअरगेज:
मग तुझ्या आबांनी कधीतरी फुल इंजिन करून घेतलंय आणि ब्लॉक तेव्हाच अर्धा मिमी ओव्हरसाइझ झालाय. मूळ माप ९०.५० धर, ९०.०० नाही. झीज झाली ०.१२ आणि तीही सगळ्यात वाईट जागी. बाकीच्या पाचांची मापं टाक, पण पंचवीस-तीस वर्षं गूळ ओढलेल्या गाडीला हे उत्तम आहे. शोरूमला ठेवायची आणि गणपतीत गावातून मिरवायची गाडी आहे तुझी, ऊस ओढायचा नाहीये, बोअर करू नको. वरची कडा रिज रीमरने काढून घे, होनिंग मारून (आतून दगडाने घासून) क्रॉस रेघा आण आणि ५० च्या नव्या रिंगा. रिंग घालायच्या आधी एकेक रिंग बोअरमध्ये टाकून पिस्टन उलटा करून सरळ ढकलायची, फीलर गेजने गॅप बघायचा, या बोअरला ०.३० ते ०.४० चालतो, टोकं भिडली तर तापल्यावर रिंग तुटते.

आणि ६९२ च्या पिस्टनबद्दल कान देऊन ऐक. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ चा बोअर, स्ट्रोक तोच १२०, म्हणून लोकांना वाटतं बोअर वाढवला की झालं. पण बाजारात आता जो मिळतो तो डीआयचा (डायरेक्ट इंजेक्शनचा) पिस्टन, त्याच्या डोक्यात वाटीसारखा खड्डा असतो कारण तिथं डिझेल सरळ पिस्टनवर पडतं. तुझ्या हेडमध्ये आधी छोट्या कोठीत जळतं आणि मग खाली येतं, पिस्टनचं डोकं जवळपास सपाट. तो खड्ड्याचा पिस्टन घातलास तर कॉम्प्रेशन इतकं पडेल की हिवाळ्यात सोड, मे महिन्यातही चालू होणार नाही.

मधे एक काम राहू देऊ नको, ब्लॉकच्या बाजूच्या वाटीसारख्या टोप्या काढून आत सळई घालून बघ. तुमच्याकडं विहिरीचं पाणी रेडिएटरला घालायचे ना, मागच्या ६ नंबरच्या आजूबाजूला चुना आणि गाळाचा दगड झालेला असतो. गाड्या तापतात त्या बोअरमुळे कमी आणि ह्याच्यामुळे जास्त.

मानहाइमकर:
मी जर्मनीत असतो, इंजिनियर बिंजिनियर नाही, पण इथल्या जुन्या ट्रकवाल्यांच्यात वीकेंडला असतो. इथं ३० वर्षांवरच्या गाड्यांना नंबर प्लेटवर एच मिळतो आणि लोक ह्या ट्रकवर जीव टाकतात, ३१२ इंजिनाच्या ओव्हरसाइझ रिंगा आणि हेड गॅस्केट इथं जुन्या पार्टवाल्यांकडं चौकशी केली तर सापडू शकतात. व्हॉल्व्हचं माप कॅलिपरने घेऊन टाक, डिसेंबरात पुण्याला येतोय, बॅगेत आणतो. भारतात २०२१ ला व्हिंटेजचा नियम आला ना, त्यात बसेल का रे?

घाटउतार:
नाही बसत. तो पन्नास वर्षांवरच्या खासगी दुचाकी-चारचाकीला आहे, धंद्याच्या गाडीला नाही. ट्रकवाल्यांना कोण विचारतंय.

कोळीवाडा७४:
मी इंजिन उघडण्यापेक्षा चालू करण्याच्या दिवसाचं सांगतो कारण त्या दिवशी मी पळालोय. तू टाकलेल्या फोटोत तुझ्या डिझेल पंपाच्या मागे गोल झाकण दिसतंय आणि इनटेकवर (हवा आत जाते त्या नळीवर) झडप आहे, म्हणजे हवेवर चालणारा गव्हर्नर, इंजिनाचा वेग आवरणारा. आत एक पडदा असतो, इनटेकची ओढ त्याला खेचते आणि डिझेल कमी होतं. पडदा फाटला किंवा ती बारीक नळी चिरली की ओढच पोचत नाही आणि आतली स्प्रिंग डिझेल पूर्ण उघडते. आमच्या जुन्या बोटीच्या इंजिनाचं तसंच झालं, चालू झालं म्हणून टाळ्या वाजवल्या आणि पाच सेकंदात ते ओरडायला लागलं, चावी बंद करून उपयोग नसतो डिझेलला, मी गोणपाट कोंबलं तर तेच आत ओढायला लागलं, शेवटी काकाने फळी दाबून हवा बंद केली तेव्हा मेलं. तेव्हापासून इनटेकच्या तोंडाएवढी लाकडी फळी हातात घेऊन एक माणूस उभा करतो आणि मगच स्टार्टर. पंप घरी उघडू नको, पंप-नोझलवाल्याकडं दे, पडदा बदल, मशीनवर कॅलिब्रेट करून आण. आणि एअर फिल्टर तेलाचा असेल तर तेल खुणेच्या वर भरू नको, जास्तीचं तेल ओढून पण इंजिन पळतं.

हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना आत गरम करणारे) सीरिजमध्ये असतात, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे, एक गेला की सहाही थंड. एकेक करून तपास.

गुळाचीगाडी:
सगळ्यांचे आभार. बाकीच्या पाच बोअरची मापं ९०.५६ ते ९०.६० आहेत. टोप्या काढल्या, काका बरोबर होते, ६ नंबरच्या मागे मुठीएवढा चुना निघाला, आईने तो तुळशीवृंदावनाच्या कडेला ठेवलाय कशाला ते माहीत नाही. मानहाइमकर दादा, व्हॉल्व्हची मापं मेसेज करतो. काका, टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) लावायची पद्धत तेवढी सांगा, फायरिंग, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-५-३-६-२-४ आहे ना?

बोअरगेज:
तीच. ६ चे दोन्ही व्हॉल्व्ह झुलत असतील (एक मिटतोय, दुसरा उघडतोय) तेव्हा १ चे लाव, मग २ झुलताना ५ चे, ४ झुलताना ३ चे, आणि पुढं उलट. चालू करायच्या आधी डिझेल बंद करणारा स्टॉप ओढून नुसता स्टार्टर मार, ऑइलचा काटा उठेपर्यंत. आणि तो पाच फुटी पाइप दुसऱ्या कुणालातरी देऊन टाक.