वाळवंटातल्या मान्सूनची सुरुवात कोणत्या तारखेला धरायची?

ऐरोलीकर: ॲरिझोनातल्या फीनिक्स विमानतळाच्या नोंदी उतरवल्यात. दर वर्षी मान्सून कधी सुरू झाला ती तारीख काढायचीय. पहिला पाऊस धरला तर वर्षावर्षांचा मेळ बसत नाही. अधिकृत तारीख १५ जून दिसते, पण तेव्हा तिथली हवा ठणठणीत कोरडी असते. मग कसोटी कोणती लावायची?

घोडबंदर_हवा: १५ जून ते ३० सप्टेंबर हा २००८ पासूनचा कॅलेंडरी हंगाम. वादळं, वीज, धूळ, अचानक येणारे पूर यांसाठी लोकांनी सावध राहावं म्हणून ठरवलेला. आभाळ त्याला बांधील नाही. त्याआधी दवबिंदू (हवा ज्या तापमानाला थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं दव होऊ लागतं ते तापमान) बघत: दिवसाची सरासरी सलग ३ दिवस ५५ फॅरनहाइट (१२.८ सेल्सिअस) किंवा वर. ॲरिझोनातल्याच टूसान शहराला ५४ फॅरनहाइट. त्या तीन दिवसांतला पहिला दिवस ती सुरुवात. पाऊस मोजायचाच नाही, कारण तिथला ढग एका वस्तीवर कोसळतो आणि शेजारचं पर्जन्यमापक कोरडंच राहतं. (ठाण्याला हे लावू नका, मे महिन्यात रोजच मान्सून निघेल.)

वाशी_खाडी: हिशेबातल्या तीन खोड्या. मेटारच्या (विमानतळाच्या सांकेतिक हवामान अहवालाच्या) मुख्य ओळीत दवबिंदू पूर्णांकात असतो, १२.८ चा १३ होतो. शेरा-भागातला 'टी' गट घ्या, तिथे दशांश मिळतो. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते आणि फीनिक्स ७ तास मागे, म्हणजे यूटीसीचा दिवस तिथल्या संध्याकाळी ५ ला तुटतो. आधी वेळ बदला, मग सरासरी. शिवाय वादळात मधेच निघणारे विशेष अहवाल गाळा, नाहीतर ओल्या तासांचं वजन वाढतं.

ऐरोलीकर: केलं. पण एका वर्षी तीन दिवस भरले आणि मग आठवडाभर पुन्हा कोरडं.

घोडबंदर_हवा: कॅलिफोर्नियाच्या आखातातून बाष्पाचा एखादा लोंढा वर येतो, तीन दिवस भरतात, मग वाऱ्याची दिशा फिरते. खरा बदल म्हणजे वरच्या हवेतला उच्च दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकणं, आणि ते जमिनीवरच्या एका केंद्राला दिसत नाही. आपलं हवामान खातं केरळसाठी म्हणूनच एका आकड्यावर थांबत नाही: १० मे नंतर १४ पैकी ६० टक्के केंद्रांवर सलग २ दिवस किमान २.५ मिमी, शिवाय वारे आणि ढगांची कसोटी वेगळी. तुम्ही तारीख तीच ठेवा, पण शेजारच्या रकान्यात पुढच्या १० दिवसांपैकी किती दिवस सरासरी दवबिंदू ५५ किंवा वर राहिला ते लिहा. चारपेक्षा कमी असतील तर मी ते वर्ष संशयित धरेन.