शाळेचा दोन दिवसांचा इतिहास महोत्सव: पालकांना नुसतं प्रेक्षक न ठेवता कसा घ्यावा? (नागपूर)

आठवी_अ
नमस्कार मंडळी. दक्षिण नागपुरातली मराठी माध्यमाची शाळा आहे, पाचवी ते दहावी, साधारण 600 मुलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शनिवार-रविवार इतिहास महोत्सव घ्यायचा आहे, विषय ‘आपलं नागपूर’. हाताशी सहा शिक्षक, आठ वर्गखोल्या, एक सभागृह आणि पटांगण. पोवाडा, वेशभूषा, थर्माकोलचे किल्ले हे होतंच. या वेळी आजी-आजोबा, आई-बाबा यांच्याजवळ जे आहे ते मुलांच्या कामात यावं, अशी इच्छा आहे.
विषय मुलांना कसे वाटून द्यायचे? घरच्या जुन्या वस्तू मांडायच्या तर काळजी काय घ्यायची? आणि तयारी कधीपासून धरायची?

जुम्मा_दरवाजा
मॅडम, सगळ्यात आधी विषय लहान करा. ‘भोसल्यांचा इतिहास’ असा विषय दिला की तीस मुलं एकाच संकेतस्थळावरचे तेच चार परिच्छेद उतरवून आणतात. त्याऐवजी एक जागा, एक वर्ष, एक प्रश्न द्या. ‘सीताबर्डीच्या लढाईत किल्ला होता का?’ हा आठवीला अगदी बरोबर बसतो. लढाई 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला झाली आणि किल्ला इंग्रजांनी तिच्यानंतर बांधला. प्रतिकृतीत मात्र बहुतेक मुलं तटबंदीच्या आत इंग्रज आणि बाहेर नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य उभं करतात. लढताना तिथे होत्या दोन टेकड्या, एक मोठी आणि एक लहान. लहान टेकडी भोसल्यांच्या अरब शिपायांनी आधी घेतली, हे कळल्यावर मुलांना प्रतिकृतीत उंची का दाखवायची ते आपोआप समजतं. म्हणून थर्माकोल सोडा. वर्तमानपत्राच्या लगद्याच्या दोन टेकड्या करा आणि लगद्यात घालायच्या मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद टाका, नाहीतर आठवड्यात बुरशी येते. मोरचूद विषारी आहे, ते शिक्षकांनीच घालायचं. लगदा वाळायला पाच-सहा दिवस लागतात. आदल्या रात्री केलेली टेकडी रंग लावल्यावर खचतेच.

असे आणखी प्रश्न: गोंड राजा बख्त बुलंद शाहने 1702 च्या सुमारास नगर वसवलं तेव्हा नाग नदी त्याच्या कोणत्या बाजूला होती? 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर गिरणीच्या आसपास कोणत्या वस्त्या वाढल्या? 1923 च्या झेंडा सत्याग्रहात मिरवणुकीला कुठे अडवलं? ‘झिरो माईल म्हणजे भारताचा मध्य’ असं सगळे म्हणतात, तर 1907 च्या त्या दगडावर प्रत्यक्षात काय कोरलं आहे? हा शेवटचा प्रश्न सहावीलाही जमतो. दगडासमोर उभं राहून अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायचं आणि मग विचारायचं, ‘मध्य’ हा शब्द यात कुठे आहे? आणि 1907 चा भारत म्हणजे केवढा?

फिरतीचं एवढंच सांगतो. सीताबर्डी किल्ला लष्कराकडे आहे, वर्षातून मोजक्या दिवशीच लोकांना उघडतो. नोव्हेंबरच्या कार्यक्रमात तो धरू नका. गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, तिथून शुक्रवारी तलाव आणि मग महाल या जुन्या वस्तीतून चिटणीस पार्क, एवढंच ठेवा. रविवारी सकाळी 7 ला निघा. 9 नंतर महालात वीस मुलांनाही एका जागी उभं करता येत नाही. एका गटात वीसच मुलं, पुढे एक मोठं माणूस, मागे एक. मागचा माणूस पालक असला तर उत्तम, पण त्याला थांबे आदल्या दिवशी पायी दाखवून ठेवा.

बोरू_दौत
घरच्या वस्तूंबद्दल सांगते, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात.

‘जुनी वस्तू आणा’ एवढंच सांगितलं की पितळी दिवे आणि घंगाळं येतात आणि ती कोणाची, कधीची, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून सूचनेतच लिहा: जिच्याबद्दल घरातलं कोणीतरी दोन वाक्यं सांगू शकेल अशी एकच वस्तू. रेशनकार्ड, गिरणीचा पास, लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, वजनाचं माप, विणकराचा धोटा (मागावर आडवा धागा नेतो तो). धोट्यासारखी गोष्ट कोष्टी घरांत अजून माळ्यावर पडलेली असते आणि मुलांना ती काय आहे हेही माहीत नसतं.

सोनं-चांदी, तलवार-कट्यार, मूर्ती, ताम्रपट, जुनी नाणी घेऊच नका. 100 वर्षांवरच्या वस्तूंना 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो आणि शस्त्रांचा प्रश्न वेगळाच. त्यांचे फोटो मांडा. बाकी प्रत्येक वस्तूची पावती दोन प्रतींत करा: क्रमांक, वस्तू, आधीची मोडतोड (‘कोपरा दुमडलेला, डाग’), आणणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, परतीची वेळ. ‘आधीची मोडतोड’ हा रकाना राहिला की संध्याकाळी ‘हे असं नव्हतं’ सुरू होतं. क्रमांकाची चिठ्ठी सुती नाडीने बांधायची. सेलोटेप, स्टेपलर, रबरबँड वस्तूजवळ आणायचे नाहीत, कागदाच्या मागे पेनने लिहायचं नाही. फार गरज पडली तर पेन्सिल, तीही हलक्या हाताने. आणि वस्तू रात्रभर शाळेत ठेवायची नाही, त्याच दिवशी परत.

जुने फोटो तर मांडूच नका, मोबाईलने त्यांची प्रत काढा. उत्तरेकडच्या खिडकीजवळ टेबल लावा, फोटो सपाट ठेवा, फ्लॅश बंद, मोबाईल पुस्तकांच्या दोन सारख्या ढिगांवर आडवा. सूर्य थेट पडला की चकाकी येते आणि चेहरेच दिसत नाहीत. स्कॅनर असेल तर 600 डीपीआय. मूळ फोटो पाच मिनिटांत आजीच्या पिशवीत परत, भिंतीवर प्रत.

शक्य झालं तर मोडी लिपीचं टेबल लावा. बोरू, दौत, जाड कागद. झेरॉक्सच्या पातळ कागदावर शाई पसरते. मोडीत आधी पूर्ण ओळीची रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला लटकवतात, हे बघितलं की पाचवीतली मुलंही हरखतात. मुलगा आपलं नाव लिहितो आणि बाबांना ते वाचता येत नाही, त्या क्षणी बाबासुद्धा बोरू मागतात. माणशी चार मिनिटं धरा. एका टेबलावर तासाला पंधराच जण होतात, म्हणून चार टेबलं हवीत.

नाग_नदीकाठ
सर्वांत मोठं काम नकाशाचं ठेवा, त्याने अख्खी शाळा एका जागी येते.

मांजरपाटाचे पन्हे जोडून बारा फूट बाय बारा फूट कापड करा. त्याला खळ देऊन इस्त्री करा, मग नाग नदी, रेल्वेमार्ग, तलाव, महाल, इतवारी, सीताबर्डी, दीक्षाभूमी एवढंच रेखाटा. प्रश्न एकच: तुमचं घर नागपुरात कधी आलं? उत्तर देणाऱ्याने आपल्या वस्तीवर टिकली लावायची. पिवळी 1947 च्या आधी, लाल 1947 ते 1960, हिरवी त्यानंतर. खळ नसलेल्या कापडावर टिकल्या दुपारपर्यंत सुटून खाली पडतात आणि सगळी मेहनत वाया जाते. जरीपटका वस्तीत फाळणीनंतर आलेली सिंधी घरं, गिरणीसाठी आलेली घरं, नोकरीसाठी आलेली घरं, रंग आपोआप बोलायला लागतात. शेजारी दुसरा नकाशा जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडचा लावा. अर्ध्या आजींचं माहेर छिंदवाडा, बालाघाट, भंडारा निघतं आणि शहराच्या नकाशावर त्यांना जागाच नसते.

फॉर्मवर जात, धर्म विचारू नका. ‘घरातले मोठे’ असंही लिहू नका. काही मुलांच्या घरी कोणी मोठं नसतं. ‘ओळखीचं कोणीही मोठं माणूस’ लिहा. शेजारच्या काकू, शाळेतल्या मावशी चालतील.

मुलाखती दिवाळीच्या सुटीत घ्यायच्या, तेव्हा घर भरलेलं असतं. आठच प्रश्न. मोबाईल एअरप्लेन मोडवर आणि घडी घातलेल्या पंच्यावर ठेवायचा. पंखा बंद, नाहीतर ऐकताना फक्त पंखाच ऐकू येतो. साल विचारलं की आजी म्हणतात, ‘माय, साल कोण लक्षात ठेवतं?’ तेव्हा खुणेचं विचारायचं: बाबासाहेबांच्या दीक्षेच्या आधी की नंतर (1956)? महाराष्ट्र झाला तेव्हा (1960)? दुष्काळात (1972)? मग दोन वर्षांच्या आत काळ सापडतो. सुरुवातीलाच ‘हे शाळेत ऐकवू का?’ असं विचारून होकार रेकॉर्ड करा. नको म्हणाल्या तर नको.

वेळ असा धरा: जुलैत विषय, ऑगस्ट-सप्टेंबरात पोळा आणि मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक) निमित्ताने सरावाची एक छोटी मुलाखत, सप्टेंबरात जागा बघणं, सहामाहीनंतर दिवाळीत मुख्य मुलाखती, नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे मांडणी. जागतिक वारसा सप्ताह 19 ते 25 नोव्हेंबर असतो. 26 ला संविधान दिनाचा कार्यक्रम शाळेत असणारच, त्या दिवशी लढाईचं टेबल सजवून घ्या.

आठवी_अ
खूप उपयोगी. फॉर्ममधला ‘घरातले मोठे’ आत्ताच बदलला. एकच राहिलं: बक्षीस द्यायचं तर परीक्षण कसं? आईबाबांनीच केलेले प्रकल्प येतात.

जुम्मा_दरवाजा
प्रकल्प घरी नेऊच देऊ नका. मांडणी शाळेतच, शनिवारी दोन-दोन तास. परीक्षकाने तक्ता आधी बघायचा नाही. मुलाला बाजूला घ्यायचं, पालकांना पाच पावलं मागे उभं करायचं आणि तीनच गोष्टी विचारायच्या: हे कुठून कळलं? यात काय खात्रीचं नाही? आणखी वेळ असता तर कोणाला विचारलं असतं? 50 पैकी 30 गुण याला, 10 मांडणीला, 10 कामाच्या वहीला. वहीत तारीखवार नोंदी हव्यात, खोडलेल्या असल्या तरी चालतील. एकाच शाईत एकाच बैठकीत लिहिलेली वही लगेच कळते.

बोरू_दौत
त्यात एक जोडा. ज्यांची मुलाखत घेतली ते आजोबा आले असतील तर त्यांची खुर्ची त्या मुलाच्या टेबलाला लागूनच ठेवा, सभागृहात पहिल्या रांगेत नको. बघणारे तक्ता सोडून त्यांच्याशीच बोलतात. पाण्याची बाटली आणि पाठीला टेकायला लोड तेवढा द्या, तीन तास बसायचं असतं.